दोन किलो सहाशे पन्नास ग्रॅम

आमची विमानं बनवायची कंपनी मलकापुरात, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आहे, आणि आजपर्यंत तिथे कोणीही विमानाने आलेलं नाही. बहुतेक जण ऑटोने येतात. स्टेशनवर ऑटोवाल्याला 'विमानाच्या कारखान्यात चल' म्हटलं की तो आधी गिऱ्हाइकाचं तोंड नीट पाहून घेतो आणि मग म्हणतो, "म्हंजे शैला मॅडमच्या इथी नं? बसा!" माझं नाव कोणी घेत नाही. या कंपनीचा अर्धा मालक मी आहे, हे गावात तीन माणसांना माहीत आहे: मला, शैलाला आणि माझ्या सासूबाईंना. त्यातल्या सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

शैला माझी बायको. ती तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, मले विमान बांधायचं आहे." मी म्हटलं, "बांध." (तोंडात घास होता. शिवाय मला वाटलं, बायका बोलतात तसं बोलली असेल. नवं लग्न होतं, मला अनुभव नव्हता.) पुढची नऊ वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा नकाशे जास्त होते. मग तिने नोकरी सोडली, शेड भाड्याने घेतली, सहा माणसं हाताशी धरली आणि दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान खरोखरच उभं केलं. विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळांना असली विमानं लागतात. अशा एका शाळेने आम्हाला शब्द दिला होता, की सरकारी परवानगी आणा, पहिली चार आम्ही घेतो.

आता तुम्ही विचाराल की यात मी काय केलं. मी वजन केलं!

हसू नका. विमानात वजनाएवढं महत्त्व दुसऱ्या कशालाही नसतं. एकेक खिळा, एकेक पट्टी, कापडाचा एकेक तुकडा काट्यावर घालून त्याचं वजन लिहून ठेवावं लागतं. ते कुठे बसवलंय हेही लिहावं लागतं, कारण त्यावरून विमानाचा तोल कुठे पडतो ते काढतात. तोल चुकला तर विमान एक तर नाक खुपसतं, नाही तर शेपटावर बसतं. आणि वजनाच्या कामात मलकापुरात माझा हात धरणारा माणूस नव्हता. बावीस वर्षं मी एका जिनिंगच्या काट्यावर बाबू होतो. कापसाने भरलेली गाडी फाटकातून आत शिरली की काट्यावर चढायच्या आधीच मी वजन सांगायचो, आणि पाच-दहा किलोंच्या वर चुकायचो नाही. त्यामुळे शैलाने लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे काम तुमचं. माह्या सगळ्या हिशेबाचा पाया हाच आहे." त्या वहीत चारशे बारा नोंदी झाल्या, आणि एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. शैला पाहुण्यांना सांगायची, "यांच्यावर माहा भरोसा थोडा कमी आहे, पण यांच्या वहीवर पक्का आहे."

परवानगीसाठी अर्ज करताना तिने विमानाचं रिकामं वजन लिहिलं: दोनशे ऐंशी किलोंच्या आत. वहीप्रमाणे ते बरोबर दोनशे सत्त्याहत्तर भरत होतं, म्हणजे तीन किलो हातचे होते. तपासणीत वजन बसलं नाही तर अर्ज परत, आणि पुन्हा नंबर लागायला किमान वर्ष. शाळावाले वर्षभर थांबणार नव्हते, ते त्यांनी फोनवर गोड आवाजात सांगितलंच होतं. शैला आठवडाभर धड झोपली नाही. मी मात्र शांत होतो, कारण वजन माझं होतं.

तपासणीचे साहेब दिल्लीहून आले, रेल्वेने. अंगाने बारीक, मिशा नीट कातरलेल्या, आणि बोलणं असं की शब्दही मोजून काढत असावेत. सासूबाई खास त्यांच्या धाड गावाहून आल्या होत्या आणि त्यांनी पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पसरून ताट पुढे केलं. साहेबांनी हात जोडले. "पहले वज़न." आणि जीपमधून त्यांनी स्वतःचे तीन काटे उतरवले. काळ्या पेट्यांमध्ये, आत गादी लावलेले! आमच्या लग्नात शैलाचे दागिनेसुद्धा एवढ्या सांभाळून आणले नव्हते.

विमानाच्या तीन चाकांखाली तीन काटे गेले. साहेबांनी तीन आकडे वाचले आणि शैलाने बेरीज केली. मग तिने ती पुन्हा केली. मग कागद माझ्याकडे दिला.

दोनशे चौऱ्याऐंशी किलो शंभर ग्रॅम.

"काटा चुकला असेल," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शैलाने माझ्या पायावर पाय दिला. पण बावीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस मी, मागे कसा हटणार? म्हटलं, "साहेब, मैं काटे का आदमी हूँ. ये तुम्हारे दिल्ली के काटे इधर के गर्मी में फुगते हैं." समोरच्या किराणा दुकानातून छाप मारलेली वजनं आणली आणि तिन्ही काट्यांवर ठेवून पाहिली. काटे ग्रॅमाला ग्रॅम बरोबर! किराणावाला वजनं परत न्यायला स्वतः आला आणि जाताना मला म्हणाला, "काऊन हो, विमान विकत घेऊन राह्यले का विकून राह्यले?"

मग बबनमिस्त्री पुढे झाला. साठी ओलांडलेला हा माणूस पूर्वी याच जिनिंगची मशीन सांभाळायचा, आणि जिनिंग बंद पडलं तरी तो घरी गेला नाही. विमान त्याला सोपं वाटतं, कारण याच्यात सरकी अडकत नाही. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, धूळ असंल. आपल्या इकडची धूळ लय वजनदार." आम्ही सगळ्यांनी फडकी घेतली आणि विमान नाकापासून शेपटापर्यंत पुसलं. काट्याचा आकडा हलला नाही. उलट ओल्या फडक्यामुळे वीस ग्रॅम वाढले आणि ते वाळेपर्यंत पंख्याने वारा घालावा लागला. विमानाला पंख्याने वारा घालणारी आमची जगातली पहिलीच कंपनी असावी.

तेवढ्यात शेपटाकडचं झाकण उघडून पाहणारा मिस्त्री ओरडला, "मॅडम, याच्यात काई तरी आहे!"

सीटच्या मागच्या पोकळीतून त्याने एक गाठोडं ओढून काढलं. हिरवा खण, त्यात नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपारी, आणि खाली जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेल्या ज्वारीच्या पापड्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (काही सापडलं की आधी माझ्याकडेच पाहायची आमच्याकडे पद्धत आहे.) मी सासूबाईंकडे पाहिलं.

"मीच ठुली," सासूबाई म्हणाल्या. त्यांना काडीची लाज वाटत नव्हती. "लेक पह्यल्यांदा घराच्या भाईर जाऊन राह्यली. रिकाम्या वटीनं कशी धाडू?"

"आई, हे विमान आहे!" शैला म्हणाली.

"मंग? तूनच वाढवलं नं तिले नऊ वर्सं?"

"अन् पापड्या?"

"थ्या पायलटले. एवढ्या वर जाईन थो, भूक नाई लागनार?"

साहेबांना मी सगळा प्रकार हिंदीतून समजावून सांगितला. ओटीला हिंदीत काय म्हणतात ते मला माहीत नसल्यामुळे त्यांचा बराच वेळ असा समज राहिला की हा विमानाचाच एक भाग आहे आणि तो आमच्या नकाशात दाखवायचा राहून गेलाय. शेवटी त्यांनी गाठोडं काट्यावर ठेवलं. एक किलो चारशे पन्नास ग्रॅम! आम्ही टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने मला मिठी मारली. मग शैलाने वजाबाकी केली आणि म्हणाली, "टाळ्या थांबवा."

दोनशे ब्याऐंशी किलो सहाशे पन्नास ग्रॅम. म्हणजे अजूनही दोन किलो सहाशे पन्नास ग्रॅम जास्त!

शैला एका खोक्यावर बसली, वही मांडीवर घेतली आणि चारशे बारा नोंदींची बेरीज पहिल्यापासून करू लागली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती, घाबरली होती. एवढ्या वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी पाणी नेऊन दिलं. तिने न पाहताच घेतलं आणि म्हणाली, "बेरीज बरोबर आहे हो. दोनशे सत्त्याहत्तरच येते. मंग माहं काय चुकलं? कोणता तुकडा मी धरलाच नाई?" तिने स्वतःचीच चूक शोधायला घेतली होती. माझ्या वहीबद्दल तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पण माणूस न्यायी होता. त्यांनी फळीवर ठेवलेलं एक जादा चाक उचललं आणि म्हणाले, "एक-एक पुर्ज़ा तौलकर देखते हैं. आप लिखिए." 'आप' म्हणजे मी. लिहायचं म्हटल्यावर मला हुरूप आला. कानावरचं पेन काढलं, कोरा कागद घेतला आणि ऐटीत बसलो. कितीतरी दिवसांनी कोणी तरी वजन पुकारणार होतं आणि मी लिहिणार होतो!

"पाँच किलो," साहेब म्हणाले.

मी लिहिलं.

शैला माझ्या मागे उभी होती. तिने कागदाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, साहेब किती म्हणाले?"

"पाच."

"अन् तुमी किती लिहिलं?"

मी कागदावर पाहिलं. माझ्याच अक्षरात, सुंदर वळणदार, तिथे लिहिलेलं होतं: ४.९००.

देवाशपथ सांगतो, मी ते लिहिलं नव्हतं. माझ्या हाताने लिहिलं होतं! आमच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी आली की तिच्यातला पाला, माती, ओलावा यांच्या नावाखाली शंभराला दोन किलो कापून लिहायची रीत होती. त्याला कडता म्हणतात. गाडी शंभर भरली की मी अठ्ठ्याण्णव लिहायचो. शेतकरी शिव्या द्यायचे, मी मान खाली घालून लिहायचो. बावीस वर्षांत हाताला अशी सवय लागली की डोळे शंभर वाचत आणि बोटं अठ्ठ्याण्णव लिहीत, मध्ये डोक्याला कोणी विचारतच नसे. म्हणजे पहिल्या नोंदीपासून मी माझ्या बायकोच्या विमानालाही कडता लावत आलो होतो. पंखांना लावला, चाकांना लावला, आठ-आठ ग्रॅमच्या बोल्टांनाही लावला!

"इंजिनले पण?" शैलाने विचारलं.

"इंजिनालाही."

"म्हणून ते कंपनीच्या कागदापेक्षा कमी भरलं होतं! अन् मी खूश झाली होती हो! मले वाटलं, त्यायनं खोक्यासकट लिहिलं असंल." ती खाली बसली. "इंजिनात कुठला पाला असते?"

बबनमिस्त्री मधे पडला, "मॅडम, भाऊची चूक नाई. काट्यावरचा माणूस असाच असते." मला धीर द्यायला म्हणाला असेल, पण त्याने काही फायदा झाला नाही.

साहेबांना मी स्वतःच सांगितलं. उभा राहून, दोन्ही हात जोडून. ओटीपेक्षा कडता समजावणं सोपं गेलं, कारण असली रीत त्यांच्याही गावाकडे असावी. ऐकून त्यांनी काळ्या पेट्या उघडल्या आणि एकेक काटा आत ठेवायला लागले. "मैडम, वज़न तो छोड़िए. इनकी सारी एंट्री ग़लत है, तो आपका बैलेंस भी ग़लत है. सब फिर से करना पड़ेगा." फिर से! म्हणजे वर्ष गेलं, शाळा गेली, चार विमानं गेली. मी भिंतीला टेकलो. सासूबाईंनी ते गाठोडं छातीशी धरलं.

शैला उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वर्गात कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे ती ज्या नजरेने बघत असेल, त्या नजरेने बघत म्हणाली, "खरं सांगा. सगळ्यालेच कापलं? एखाद्याले सोडलं तर नाई?"

"एकालाही नाही!"

"कुठी कमी, कुठी जास्ती?"

"शैला, मी असा माणूस आहे का?" मला खरंच राग आला. "माझ्या सख्ख्या मामाची गाडी आली तेव्हाही शंभराला दोनच! काट्यावर मी कोणाचं तोंड पाहिलं नाही."

तिचा चेहरा उजळला. अगदी सकाळी उठल्यावर उजळतो तसा. ती वळली आणि साहेबांना हिंदीत भराभर सांगू लागली, की साहेब, सगळेच तुकडे जर सारख्याच हिशेबाने कमी लिहिले असतील, तर एकूण वजन चुकेल, पण तोल जागचा हलणार नाही. पुढचंही तेवढंच कमी, मागचंही तेवढंच कमी. साहेबांचा हात पेटीच्या झाकणावर थांबला. त्यांनी फळीवरचे पाच वेगवेगळे तुकडे स्वतः निवडले आणि एकेक काट्यावर घालून वहीशी ताडून पाहिले. पाचही ठिकाणी शंभराला दोन. केसाचाही फरक नाही! मग तीन चाकांवरच्या वजनांवरून त्यांनी तोल काढून पाहिला. तो शैलाने दाखवला होता तिथेच पडत होता.

साहेबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "इतनी ईमानदारी से बेईमानी मैंने आज तक नहीं देखी," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच पोह्यांचं ताट जवळ ओढलं. "शाम की गाड़ी है मेरी. तब तक ढाई-तीन किलो निकाल सकते हैं, तो निकालिए."

आता काय काढायचं? शैला विमानाभोवती एक फेरी मारून आली. पंखाला हात लावता येत नव्हता, सांगाड्यातली एक पट्टी काढली तरी सगळा हिशेब पुन्हा आला. मग तिने आत डोकं घातलं आणि सीटवरच्या दोन गाद्या ओढून काढल्या. अस्सल मलकापुरी कापसाच्या! त्या मी पिंजाऱ्याकडून भरून घेतल्या होत्या, फोमवर बसून विमान चालवणं मला बरं वाटत नव्हतं. त्यानंतर तिने दरवाज्याजवळची पितळी पाटी काढली. तिच्यावर कंपनीचं नाव आणि खाली आम्हा दोघांची नावं होती (माझं आधी).

"अन् हे काय आहे?" ती आतून ओरडली.

"हॉर्न. वहीत 'किरकोळ सामान' म्हणून लिहिलाय."

"विमानाले?"

"अगं, धावपट्टीवर म्हशी येतात. उतरताना पायलटने काय करायचं? हात दाखवायचा?"

हॉर्न निघाला. मग चाकांमागच्या रबरी झडपा निघाल्या. ट्रॅक्टरला असतात तशा, पावसाळ्यात चिखल उडू नये म्हणून मी स्वतः बसवल्या होत्या, आणि एका झडपेवर 'सावकाश जा' असं लिहून घेतलं होतं. शैला काढत गेली, मिस्त्री काट्यावर घालत गेला, साहेब आकडे पुकारत गेले. लिहायला या वेळी सासूबाईंना बसवलं होतं.

पुन्हा तीन चाकं, तीन काटे. दोनशे एकोणऐंशी किलो नऊशे पन्नास ग्रॅम!

शैला रडली. तिला रडताना पाहून मीही रडलो. सासूबाई 'माय व माय' म्हणत दोघांच्या मधे शिरल्या, आणि विमानाला फक्त कुंकू लावलं. साहेबांनी त्यालाही परवानगी दिली, पण एक बोटच.

ती चार विमानं पुढे गेली, त्यानंतरचीही गेली. कंपनी बरी चालली आहे. पण त्या संध्याकाळी साहेबांनी एक सरकारी नमुना पुढे केला होता. त्यात रकाना होता: 'वजन कमी करण्यासाठी विमानात केलेले बदल'. यादी लांबलचक झाली असती आणि गाडीची वेळ झाली होती. म्हणून शैलाने एका ओळीत लिहिलं, 'माझ्या यजमानांनी बसवलेलं सगळं काढून टाकलं.' साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले की खाली कंपनीच्या दुसऱ्या मालकाचीही सही लागेल.

सरकारदरबारी मी विमान कंपनीचा मालक असल्याचा तेवढा एकच पुरावा आहे.